खाम युनायटेडसाठी काय सोडाल?

खाम युनायटेड हा फुटबॉल क्लब सलग पाच वर्षं शहर लीगच्या ब गटात तळाला होता. ब गटाच्या खाली गटच नाही, त्यामुळे क्लबला आणखी खाली ढकलायची सोय कुणाकडे नव्हती. नाव पडलं खाम नदीवरून. त्या नदीला आता शहरातले बहुतेक लोक नाला म्हणतात, आणि क्लबला काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. तरीही दर वर्षी हंगामाच्या आधीचे काही दिवस क्लबच्या पाठीराख्यांचे चेहरे लग्नघरासारखे असत. एकही मॅच झालेली नसते, सगळ्या संघांचे गुण शून्य असतात, म्हणजे रीतीनं पाहिलं तर खाम युनायटेड पहिल्या नंबरच्या बरोबरीला असतं. पाठीराख्यांना क्लबची ही कामगिरी सगळ्यात जास्त आवडायची.

यंदा तर आशेला कारणंही होती. शेंद्र्याच्या एका कारखान्यात काम करणारा रय्यान नावाचा स्ट्रायकर क्लबला मिळाला होता. ताडमाड उंच, आणि डोक्याचा उपयोग करणारा, निदान फुटबॉलपुरता. नवा कोच आला होता आणि तो सरावाला येतही होता, ही आधीच्या कोचपेक्षा मोठीच सुधारणा होती. गोलपोस्टला नव्या जाळ्या लागल्या होत्या. जुन्या जाळीला इतकी भोकं होती की आपल्यावर झालेला गोल खरंच झाला का, यावर पंचांशी वाद घालता यायचा. तेवढी एक सोय गेली. पण वरच्या गटात जायचं तर काही गोष्टींवर पाणी सोडावंच लागतं.

सोडण्यात तर खाम युनायटेडच्या पाठीराख्यांचा हात कुणी धरला नसता. हंगामाच्या आधी छावणीतल्या एका चहाच्या हॉटेलामागच्या अंगणात सगळे जमत, आणि एकेकानं उभं राहून क्लबसाठी वर्षभर काय सोडणार ते सांगायचं, अशी रीत होती. कुणी गुटखा सोडायचा, कुणी मटण, कुणी चहा. साहेबरावांनी एका वर्षी दाढी करणं सोडलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं क्लबचं नाव घरात घ्यायला बंदी केली. प्रत्येक सोडण्याला टाळ्या पडत. त्यानंतर क्लब हरत असे.

या रीतीला आक्षेप घेणारा एकच माणूस होता, बुद्धभूषण साळवे. तो ज्युनियर कॉलेजात विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान समजावून सांगायचा. जिभेवर जळता कापूर ठेवायचा, पाण्यावर दिवा पेटवून दाखवायचा. नवस बोलून गोल होत नाहीत, असं त्यानं अंगणात सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. बराच वाद झाला. शेवटी ‘सोडणं’ न म्हणता ‘संकल्प’ म्हणावं, अशी तडजोड त्यानंच सुचवली आणि ती एकमतानं मंजूर झाली. तेव्हापासून सगळे सोडणंच म्हणत, आणि बुद्धभूषण दर वर्षी चहातली साखर सोडत असे. ती त्याला डॉक्टरांनी तशीही बंद केलेली होती.

यंदाच्या बैठकीच्या आठवड्यात क्लबच्या पाठीराख्यांचा सेक्रेटरी आकाश त्याच्या घरी आला. आकाश वाळूजला एका कंपनीत होता, पहिली पाळी करून परस्पर आला होता आणि अजून कंपनीच्या बुटांतच होता. बुद्धभूषणची बायको मेघा बाजूला मेथी निवडत बसली होती. आकाशनं रय्यानचं कौतुक केलं, कोचचं केलं, जाळ्यांचं केलं, आणि मग पोरांनी लई विचार केलाय असं म्हणून थांबला. पाच वर्षं झाली, गुटखा सोडून पाहिला, मटण सोडून पाहिलं, काहीच लागू पडत नाही.

“म्हणून सर, यंदा वस्तू नको,” आकाश म्हणाला. “यंदा माणूस सोडू.”

कोणता माणूस, असं बुद्धभूषणनं विचारलं. आकाशनं बुटांच्या टोकांकडं पाहिलं.

“फारूखचाचा.”

फारूखभाई म्हणजे क्लबचे सगळ्यात जुने पाठीराखे. रोशन गेटजवळ त्यांचं रिक्षा-स्कूटरच्या सीट कव्हरचं दुकान. बुद्धभूषण कॉलेजात असताना पहिल्यांदा मैदानावर आला, तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांनीच त्याला चहाचे ग्लास मांडून समजावलं होतं. तेव्हापासून गोलच्या मागच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर दोघं शेजारी शेजारी बसत आले होते.

आकाशकडं पुरावा होता. गेल्या हंगामात क्लबनं एकच मॅच जिंकली, त्या दिवशी चाचा पुतण्याच्या लग्नाला जालन्याला होते. त्याच्या आदल्या वर्षी एकच मॅच बरोबरीत सुटली, त्या दिवशी चाचांना ताप होता. बाकी सगळ्या मॅचना चाचा हजर, आणि सगळ्या मॅच आपण हरलो. पोरं तर सरळ पनवती म्हणतात, पण आपण मोठ्या माणसाबद्दल असं बोलणार नाही, असं आकाश बोलला.

आता बुद्धभूषणकडं या विषयावर एक पोस्टरच होतं. त्यावर काळं मांजर होतं आणि मांजरावर लाल फुली. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही, हे वाक्य त्यानं एवढ्या पोरांना पाठ करायला लावलं होतं की झोपेत विचारलं तरी त्यानं सांगितलं असतं. पण तो जागा होता. आणि तो म्हणाला, “एका मॅचवरून कसं ठरवता येईल?”

आकाशनं बरोबरीच्या मॅचची आठवण करून दिली.

“हां,” बुद्धभूषण म्हणाला. “ती बरोबरी.”

हे फारूखभाईंना सांगायचं कुणी, तर सरांनी, असं पोरांचं ठरलं होतं. पोरांनी सांगितलं तर मोठ्या माणसाचा अपमान होतो, शिकल्यासवरल्या माणसानं सांगितलं की सल्ला होतो. सरांचा शब्द चाचा खाली पडू देत नाहीत. बुद्धभूषणला हे ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं याचीच पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटणार होती, पण त्या क्षणी वाटलं ते बरंच.

आकाश गेल्यावर मेघानं विचारलं, की सांगणार काय? पनवती म्हणणार?

छे, बुद्धभूषण म्हणाला. तो शब्दच वापरायचा नाही. खेळाडूंच्या मनावर एक दबाव तयार झालाय, त्यांचा आत्मविश्वास जपायचा, तर काही काळ...

“म्हणजे पनवतीच,” मेघा म्हणाली. “नुसतं मास्तरी मराठीत.” आणि तिनं मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तो दुकानात गेला. फारूखभाई रिक्षाच्या सीटचं लाल कव्हर शिवत होते. त्याला पाहताच त्यांनी स्टूल पुसलं, आत चहा सांगितला, आणि बुद्धभूषणला तोंड उघडायची संधी न देता रय्यानचा विषय काढला. ते लपूनछपून सराव पाहून आले होते. पोरगं हवेत थांबतं, म्हणाले, वर जातं आणि थांबतं, आपल्याला वाटतं आता खाली येईल, तर येतच नाही. यंदा वरचा गट नक्की. त्यांनी तर रय्यानच्या आईलाही शोधून काढलं होतं आणि पोराला दूध देत जा, असं सांगून आले होते.

बुद्धभूषणनं घसा साफ केला. आधुनिक खेळात मानसिक घटकाला फार महत्त्व आलंय, अशी त्यानं सुरुवात केली. जर्मनीचं उदाहरण दिलं. जर्मनीतून परत यायचा रस्ता त्याला सापडेना. फारूखभाईंनी मशीन थांबवलं.

“सर, मी यंदा काय सोडायचं ते पक्कं केलं,” ते म्हणाले. “ग्राउंडच सोडतो.”

बुद्धभूषणला एकदम हलकं वाटलं. ओझं आपल्या खांद्यावरून उतरून कुठं गेलं ते त्याला समोर दिसत होतं, पण तेवढ्यात चहा आला. “अहो, असं कशाला फारूखभाई,” तो म्हणाला. पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी नको म्हणताना माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात म्हणाला.

“नक्को सर. जिद मत करो.”

त्यानं जिद्द केली नाही. दोघांनी चहा घेतला. चहा गोड होता आणि त्यानं तो संपवला.

मग एक रिक्षावाला आला, फारूखभाई सीटचं माप घ्यायला बाहेर रस्त्यावर गेले, आणि दुकानाच्या मागं घर होतं तिथून कमरुन्निसाभाभी कप न्यायला आल्या. कप उचलले, पण जाईनात.

“सर, एक बोलू का? यांना सांगू नका मी बोलले म्हणून.”

पोरं गेल्या रविवारी इथंही आली होती, असं त्यांनी सांगितलं. आकाश आणि आणखी दोघं. फारूखचाचा, तुम्ही सरांचे दोस्त, तर सरांना सांगा यंदा मॅचला येऊ नका, असं म्हणत होती.

“मला?” बुद्धभूषण म्हणाला.

“तुम्हालाच. जिंकलो त्या दिवशी सर नव्हते, ड्रॉ झाली त्या दिवशीही सर नव्हते, असं पोरं म्हणाली. हे लई चिडले. म्हणाले, सर शाळाशाळांत जाऊन असल्याच गोष्टींवर बोलतात, अन् तुम्ही त्यांनाच पनवती करता? बाहेर कळलं तर पोरं हसतील त्यांना, त्यांचं बोलणं कोण ऐकील? मग म्हणाले, त्या दिवशी मी तरी कुठं होतो? कुणाला सोडायचंच असेल तर माझं नाव घ्या.” भाभींनी कपातला उरलेला थेंब पाहिला. “रागात बोलले असतील असं वाटलं मला. पण नाही. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. सारखं त्या रय्यानचंच.”

बाहेर फारूखभाई रिक्षावाल्याला रंगांचे तुकडे दाखवत होते.

जिंकलेल्या मॅचच्या दिवशी बुद्धभूषण निवडणुकीच्या ट्रेनिंगला होता. बरोबरीच्या दिवशी तो नागपूरला दीक्षाभूमीवर होता. दोन्ही निकाल त्याला फोनवर कळले होते, आणि नागपूरच्या गर्दीत त्यानं आनंदानं एका अनोळखी माणसाला मिठी मारली होती. आकाशनं पुरावा मांडला तेव्हा फारूखभाई कुठं नव्हते ते त्याला लख्ख दिसलं. आपण कुठं नव्हतो ते दिसलं नाही. विज्ञानाच्या मास्तरानं अकरावीच्या पोराच्या वहीत ही चूक पाहिली असती तर लाल पेनानं पानभर रेघ ओढली असती.

संध्याकाळी त्यानं आकाशला फोन लावला. आकाशनं फारसं काही नाकारलं नाही. चाचा तसं बोलले, पण चिडून बोलले की खरं बोलले ते कळेना, म्हणून पक्कं करायला सरांना पाठवलं, एवढंच. “आमचं काय नाय सर,” तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, “तुम्हा दोघांपैकी कुणीबी चाललं असतं.” पनवती ठरवताना पोरांनी ना जात पाहिली होती ना धर्म. शहरात एवढी समता दुसरीकडं सापडणं अवघड होतं.

बुद्धभूषणनं मेघाला सगळं सांगितलं. तिला प्रश्न सोपा वाटला. बैठकीत उभं राहा, म्हणाली, आणि सांगा की फारूखभाई येणार, आणि पोरांना माणूसच सोडायचा असेल तर मी घरी बसतो. एक मॅच. दोन मॅच. काय बिघडतं?

पण बुद्धभूषणनं विचार केला होता. तो घरी बसला तर त्याचा अर्थ त्यानं पनवती ही गोष्ट मान्य केली असा होईल. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या माणसानं अंधश्रद्धेखातर घरी बसायचं? हा तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्वासाठी त्याला मैदानावर जावंच लागणार होतं.

“अन् फारूखभाईंनी?” मेघानं विचारलं.

त्यांचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता. त्यांच्या स्वातंत्र्याचाही आदर करायला हवा. मेघानं टीव्ही लावला.

रविवारी अंगणात सगळे जमले. कुणी वडापाव सोडला, कुणी ऑनलाइन रमी सोडली, त्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. मग फारूखभाई उठले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. यंदा पोरं चांगली आहेत, म्हणाले, आपण म्हाताऱ्यांनी जरा लांबून दुआ करायची, मी ग्राउंड सोडतो. हसत हसत बोलले, जणू तंबाखूच सोडत होते. अंगणात टाळ्या सुरू झाल्या. आकाशनं पुढं होऊन त्यांचे पाय धरले. पाच वर्षांत कुणीच एवढं मोठं काही सोडलं नव्हतं, असं साहेबराव म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. टाळ्यांत बुद्धभूषणच्याही टाळ्या होत्या. आपले हात वाजतायत हे त्याला जरा उशिरा कळलं.

पुढचा नंबर त्याचाच होता. तो उभा राहिला. घरून निघताना त्यानं बोलायची वाक्यं तयार केली होती, ती चांगली होती, शाळेत बोलायच्या वाक्यांसारखीच ठाम. सगळे त्याच्याकडं पाहत होते. आकाशची मान खाली होती. फारूखभाईंनी त्याच्याकडं पाहून अगदी बारीक मान हलवली, नाही म्हणून. त्या मानेचा आधार बुद्धभूषणला लगेच मिळाला.

“साखर,” तो म्हणाला, आणि बसला.

पहिल्या मॅचच्या दिवशी तो पायऱ्यांवर एकटा बसला. खाली फारूखभाईंनी त्याच्या कंबरेसाठी शिवून दिलेली रेक्झिनची गादी होती. शेजारची जागा कुणी घेतली नाही. पोरं तिथं वाकून पाया पडत होती आणि मागं जाऊन बसत होती. फारूखभाई वारल्याची बातमी आल्यासारखं सगळं होतं, फक्त ते दुकानात होते आणि शिवत होते.

घरून निघताना त्यानं मनाशी एक ठरवलं होतं. हाफटाइमला स्कूटर काढायची, रोशन गेटला जायचं, फारूखभाईंना मागं बसवायचं आणि दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत आणायचं. एकही शब्द न बोलता सगळ्यांसमोर प्रयोग होईल. हा विचार त्याला इतका आवडला की पहिला हाफ तो जवळजवळ चांगल्या माणसासारखा बसला.

हाफटाइमच्या थोडं आधी कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, रय्यान वर गेला आणि फारूखभाई म्हणाले होते तसाच हवेत थांबला. मग नवी जाळी फुगली. पायऱ्या उभ्या राहिल्या. बुद्धभूषणही उभा राहिला, ओरडला, आणि शेजारी वळून मिठी मारायला गेला तर तिथं कुणी नव्हतं.

शिटी वाजली. खाम युनायटेड एकनं पुढं होतं. बुद्धभूषणच्या हातात स्कूटरची किल्ली होती. आजूबाजूची पोरं त्या किल्लीकडं पाहत होती, किंवा पाहत नसतील, त्याला तसं वाटलं. तेवढ्यात फोनवर फारूखभाईंचा मेसेज आला: स्कोर? त्यानं लिहिलं, एक-शून्य, आपण. उत्तर लगेच आलं: माशाअल्लाह. जागेवरून हलू नका.

प्रयोग चालू असताना मध्येच परिस्थिती बदलायची नसते, हे विज्ञानातही आहेच. असं म्हणून त्यानं किल्ली खिशात टाकली. दुसरा हाफ तो अंग चोरून, पाय न हलवता बसला, कारण गोल झाला तेव्हा त्याचा उजवा पाय डाव्यावर होता.

खाम युनायटेड जिंकलं. आकाश त्याच्या गळ्यात पडून रडला. पाच वर्षांचा दोष सुटला, म्हणाला. कुणाचा, ते बोलला नाही, आणि बुद्धभूषणनं विचारलं नाही.

संध्याकाळी पेढे घेऊन तो दुकानात गेला. फारूखभाईंनी मशीनवर कापड टाकलं, स्टूल पुढं ओढलं आणि सुरुवातीपासून सांगा म्हणाले. त्यानं सांगितलं. त्यांनी मध्येमध्ये थांबवून विचारलं, कॉर्नर कोणत्या बाजूनं, गोलकीपर पुढं आला होता का, रय्यान किती वर गेला. रेक्झिनच्या तुकड्यावर खडूनं ते खुणा करत होते. गोलची गोष्ट संपली तेव्हा म्हणाले, पुन्हा एकदा सांगा. त्यानं पुन्हा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना रय्यान आणखी थोडा वर गेला. आतल्या दारात कमरुन्निसाभाभी उभ्या होत्या आणि त्या खडूकडं नाही, बुद्धभूषणकडं पाहत होत्या.

पुढच्या रविवारी तुम्ही चला, मी घ्यायला येतो. हे वाक्य त्यानं सिग्नलला थांबला असताना तयार केलं होतं. सोपं वाक्य होतं, त्यात जर्मनी नव्हती.

“पुढची मॅच कुणाशी?” फारूखभाईंनी विचारलं.

“चितेगावशी.” चितेगावनं गेल्या वर्षी आपल्याला पाच मारले होते. “लई अवघड मॅच आहे, फारूखभाई,” बुद्धभूषण म्हणाला.

तयार वाक्याच्या जागी त्याच्या तोंडून हे निघालं. त्यात खोटं काही नव्हतं, अंधश्रद्धेचंही काही नव्हतं. मॅच खरोखरच अवघड होती.

फारूखभाईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून तो वाट पाहत होता. राग आला असता तर बरं झालं असतं.

“मग मी इथंच बरा,” ते म्हणाले. “तुम्ही या मात्र सांगायला. असंच, सगळं.”

“येतो ना,” बुद्धभूषण म्हणाला. दारातून भाभी आत गेल्या. त्यांनी आज चहा विचारला नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते बरोबरच होतं.

त्यानं स्कूटर सुरू केली. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्याला शरम वाटत होती, खरी, कान तापवणारी. मग मोठा रस्ता लागला, आणि चितेगावचे बचाववाले ठेंगणे आहेत, रय्यानला डावीकडून क्रॉस मिळाले पाहिजेत, यावर त्याचा विचार सुरू झाला. बरंच अंतर गेल्यावर त्याला कळलं की आपण हाच विचार करतोय. मग त्याला पुन्हा शरम वाटली. पण क्रॉस डावीकडूनच मिळायला हवे होते.